कोरडी ढास आणि सिरपचा चमचा

प्रश्न: वडील 66 वर्षांचे आहेत. दोन महिन्यांपासून बीपीसाठी रामिप्रिल घेतात. तीन आठवडे झाले, रात्रभर कोरडी ढास लागते. डेक्स्ट्रोमेथॉर्फनचं सिरप दोन-दोन चमचे, दिवसातून चारदा देतो. चालेल का? माझ्या साडेतीन वर्षांच्या मुलीलाही खोकला आहे, तिला थोडं दिलं तर?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: आधी बीपीच्या गोळीबद्दल. रामिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल या गोळ्यांनी काहींना अशीच कोरडी ढास लागते, कधी गोळी सुरू होऊन महिने झाल्यावरसुद्धा. ती सिरपने हटत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली की सहसा एक ते चार आठवड्यांत थांबते. पण गोळी स्वतःहून बंद करू नका, बीपी चढेल. शिवाय दोन आठवड्यांच्या वर खोकला राहिला की टीबीची तपासणी करायलाच हवी. नागपुरात मेयो किंवा मेडिकल कॉलेज या सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते.

आता सिरप. डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकला दाबणारं औषध. दोन चमचे म्हणजे किती? घरातला चहाचा चमचा कुठे 3 मिली, कुठे 7. बाटलीच्या झाकणावरच्या खुणेनेच मोजा. लेबलवर ‘प्रति 5 मिली’ पुढचा आकडा वाचा, तो सहसा 10 किंवा 15 मिलिग्रॅम असतो. मोठ्यांसाठी एका वेळी 10 ते 20 मिलिग्रॅम दर चार तासांनी, किंवा 30 मिलिग्रॅम सहा ते आठ तासांनी. 24 तासांत 120 च्या वर कधीच नाही. हा हिशेब फक्त डेक्स्ट्रोमेथॉर्फनचा. त्याच बाटलीत क्लोरफेनिरामिन असेल तर झोप येते, प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते. सर्दीच्या गोळीतही बहुधा तेच असतं, म्हणजे डोस दुप्पट. फिनाइलेफ्रिन असेल तर बीपी वाढू शकतं. वडिलांना ती बाटली नकोच.

नैराश्याच्या गोळ्या (फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन) किंवा लिनेझोलिड (एक अँटिबायोटिक) सुरू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध घेऊच नये. दोन्ही मिळून थरथर, ताप, घाम, बडबड असा गंभीर त्रास होऊ शकतो. दमा असेल किंवा कफ पडत असेल तरीही खोकला दाबू नका. कफ आतच साचतो.

मुलीला या बाटलीतला एक थेंबही देऊ नका. पाच वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची औषधं सहसा देऊच नयेत, असा केंद्राचा सल्ला आहे. कोमट पाणी पाजा, झोपताना अर्धा चमचा मध द्या (एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मध नाही). श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल, धाप लागत असेल किंवा ओठ निळसर दिसले, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.