रेजेक्स की फझी मॅचिंग? गावांची नावं जुळवताना आलेला अनुभव

ग्राहकांच्या यादीतली नावं-गावं जुळवायला रेजेक्स (मजकूर ठरवलेल्या साच्यात, म्हणजे पॅटर्नमध्ये, तंतोतंत बसतो का ते बघणं) घ्यावं की फझी मॅचिंग (जवळपास सारखे शब्द शोधणं), असं तुम्ही विचारलंय. मी कोल्हापुरात गुळाच्या एका अडत दुकानाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. तिथे मला दोन्ही लागतात.

गाडी नंबर, पिनकोड, मोबाइल यांना रेजेक्सच. एमएच ०९, पुढे अक्षरं, मग चार आकडे. बसलं तर बसलं. इथे 'जवळपास सारखा' नंबर म्हणजे दुसऱ्याचीच गाडी.

गावाच्या नावाचं तसं नाही. हातकणंगले कुणी 'हातकनंगले' लिहितं, कुणी 'हात कनंगले'. प्रत्येक चुकीसाठी पॅटर्न लिहीत बसलात तर संपणारच नाही. तिथे फझी लागतं. (शिवाय पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या साध्या रेजेक्समध्ये बॅकस्लॅश डब्ल्यू, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर' सांगणारी खूण, तिच्यात काना-मात्रा-वेलांट्या धरल्याच जात नाहीत. 'शिरोळ'चे श, र, ळ असे तीन तुकडे पडतात. म्हणून रेजेक्स वापरायचं तर देवनागरी चिन्हांचा पल्ला पॅटर्नमध्ये स्वतः लिहून द्या.)

पण फझीच्या हातात निर्णय देऊ नका. एका शेतकऱ्याचं गाव 'शिरोल' असं टाइप झालं होतं. माणूस शिरोळचा. लेव्हेनश्टाइन अंतर, म्हणजे किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात ते मोजलं, तर 'शिरोल'पासून शिरोळ एकवर आणि शिरोली हे दुसरं गावही एकवरच. मी डिफलिब वापरत होतो, दोन शब्द किती सारखे याला एकपैकी गुण देणारी पायथनची लायब्ररी. त्याने शिरोळला ०.८० दिले, शिरोलीला ०.९१, आणि मी पहिलं येईल ते उचलायला सांगितलं होतं. शिरोळच्या माणसाची हिशोबपट्टी शिरोलीच्या त्याच नावाच्या माणसाच्या खात्यावर चढली. वर्षभर राबून गूळ घातलेल्या माणसाला आपल्या पैशासाठी हेलपाटे घालावे लागले, ते मला फार लागलं.

ळ आणि ल मध्ये माणूस गोंधळतो, हे डिफलिबला कुठून कळणार? त्याला सगळी चिन्हं सारखीच. म्हणून आता तुलनेआधी दोन्हीकडचे ळ-ल, ण-न आणि ऱ्हस्व-दीर्घ एक करून घेतो, नावातल्या स्पेस काढतो. मूळ नोंद तशीच ठेवतो, फक्त तुलनेपुरती ही वेगळी प्रत. एवढ्यावरच 'शिरोल' थेट शिरोळला जुळतं आणि हातकणंगल्याची दोन्ही रूपंही, फझीची वेळच येत नाही.

त्यातूनही जे उरतं तेवढंच फझीकडे जातं. ते वरची तीन नावं दाखवतं आणि दिवाणजींनी त्यातलं एक निवडल्याशिवाय पट्टी कुणाच्याही खात्यावर चढत नाही.