दुरुस्तीहून परत आलेली बंदूक

या खेपेला बहुतेक पत्रांत एकच रड आहे: बंदूक जवळच्या दुकानात दिली, पैसे गेले आणि दुखणं वाढलं. दुकानांची नावं गाळली आहेत.

प्रश्न : वडिलांची जुनी बारा बोअर दुनळी गंजली होती, म्हणून पॉलिश करून घेतली. काळीभोर, चकचकीत होऊन आली. काही महिन्यांनी दोन नळ्यांमधली पट्टी टोकाकडून उचललेली दिसते. दुकानदार म्हणतो, ‘बंदूकच जुनी, मी काय करू?’

उत्तर : जुनी आहे हे खरं, पण माझा संशय पॉलिशवर आहे. दुनळीच्या पट्ट्या सहसा कथील-शिशाच्या डाखाने (सोल्डरने) बसवलेल्या असतात. झटपट काळा रंग आणायला नळ्या कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या द्रावणात, साधारण १४० अंश सेल्सिअसला बुडवतात. तेवढ्या तापमानाला डाख वितळत नाही, पण कॉस्टिक त्याला खातं. शिवाय द्रावण पट्टीखालच्या पोकळीत शिरून बसतं आणि आतून गंज चढत राहतो. म्हणूनच बंदूक हातात आली तेव्हा सगळं ठीक दिसलं. एकनळीला ही पद्धत चालते. डाखाच्या दुनळीला मात्र हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून, पुन्हा तेच करत रंग आणावा लागतो. त्याला दिवस लागतात आणि पैसेही जास्त पडतात. ज्याला हा फरक माहीत नाही त्याने दुनळी हातात घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खात्री करायची तर नळ्या सुट्या करून खालच्या आकड्याला दोरी बांधून टांगा आणि लाकडाच्या तुकड्याने हलकेच ठोका. घंटेसारखा नाद लांबला तर पट्ट्या घट्ट आहेत. आवाज बद्द किंवा खरखरता आला तर त्या सुटल्या आहेत. मग बार काढू नका. पट्ट्या पूर्ण उतरवून, साफ करून नव्याने डाख द्यावा लागेल. आधी खर्च विचारा, कधीकधी तो बंदुकीच्या किमतीपुढे जातो.

आणखी एक. घासण्यात नंबर पुसट झालाय का, तेही बघा. ओळखचिन्ह पुसण्याला शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ८ मध्ये मनाई आहे. तसं झालं असेल तर दुकानदाराकडून लेखी घेऊन परवाना शाखेला लगेच कळवा.

प्रश्न : रानडुकरांसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. एकनळीची फायरिंग पिन नवी बसवली, तरी काही काडतुसं उडतच नाहीत.

उत्तर : काडतूस उडालं नाही तर नळी सुरक्षित दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबा, मगच उघडा. मग टोपीवरचा, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या ज्या छोट्या धातूच्या चकतीवर पिन आपटते तिच्यावरचा खळगा पाहा. तो खोल आणि मधोमध असेल तर काडतूस दमट असावं. कोकणातल्या पावसाळ्यात नवल नाही. उथळ असेल तर घोड्याची स्प्रिंग थकली आहे, नाहीतर आत जुनं तेल चिकट होऊन बसलंय. (कुणी खोबरेल घातलं असेल तर थंडीत ते गोठतं.) अशा वेळी पिन बदलून फायदा नाही, आणि बदलली असेल तर जुनी पिन परत मागा. खळगा एका बाजूला असेल तर पिन किंवा तिचं भोक चुकलंय. टोपीला आरपार भोक पडत असेल तर वापर ताबडतोब थांबवा, गरम वायू तोंडाकडे येतो.

प्रश्न : परवाना वडिलांच्या नावे, ते अंथरुणाला खिळलेले. दुरुस्तीला मी नेऊ शकतो का?

उत्तर : हो. शस्त्र अधिनियमाच्या कलम ३ मध्ये परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुरुस्तीसाठी नेण्याची मुभा आहे. पत्रात बंदुकीचा नंबर, दुकान आणि तारीख लिहा, परवान्याची प्रत जवळ ठेवा आणि बंदूक रिकामी न्या. दुकानाच्या परवान्यात दुरुस्तीचा उल्लेख आहे का, तेवढं विचारा. नुसत्या विक्रीच्या परवान्यावर दुरुस्ती करता येत नाही. गावच्या लोहाराकडे तर नकोच.

प्रश्न : चाप जड होता, दुकानात हलका करून घेतला. आता बंदूक बंद करतानाच घोडा पडतो.

उत्तर : वापरू नका. घोडा ज्या खाचेत अडकून राहतो ती जास्त घासली गेली आहे. तो भाग बदलावाच लागेल, पुन्हा घासून जमणार नाही.

प्रश्न : काम बिघडवलं, पावतीही दिली नाही. पैसे परत मिळतील?

उत्तर : ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली सदोष सेवेची तक्रार तुमच्याच जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा. पावती नसली तरी यूपीआयची नोंद आणि मोबाइलवरचे निरोप कामाला येतात. मात्र दुसरीकडे बंदूक उघडण्याआधी फोटो काढा आणि दुसऱ्या परवानाधारक कारागिराकडून दोष काय आहे ते लिहून घ्या. दुसऱ्याने स्क्रू फिरवला की पहिला दुकानदार हात झटकायला मोकळा.