वाचकांचे प्रश्न : दहा हजारात पाच माणसांचं जेवण कसं बसवायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मूळचे जत तालुक्यातले, चार वर्षं झाली चाकणजवळ राहतोय. मिस्टर कंपनीत कंत्राटावर आहेत, मी दोन घरची कामं करते, दोघांचं मिळून १८ हजार येतात पण खोलीभाडं, लाईटबिल नि गावाकडचा हप्ता गेला की हातात ९-१० हजारच राहतात, त्यात जेवणखाण, औषधपाणी, मुलांचं सगळं. घरात सासूबाई, मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची. रेशनकार्ड गावाकडंच आहे आणि त्यावर आम्हा तिघांचीच नावं, सासूबाई गावी गेल्या तर धान्य आणतात नाहीतर त्या महिन्याचं राहूनच जातं. किराणा खालच्या दुकानात उधारीवर. डाळ महाग म्हणून मी आठवड्यातून दोनदाच करते, बाकी दिवस भाजी-चपाती. पोरं शाळेतून आली की भूक भूक करतात मग ५-५ रुपयांचे पुडे देते, बिस्किट नाहीतर चिप्स. मागच्या महिन्यात मला चक्कर आली, सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४ निघालं. आता अजून कुठं कमी करू तेच कळत नाही. – एक वाचक, चाकण

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. कमी करायला सांगणार नाहीये, तुम्ही आधीच नको तिथं कमी केलंय. पैसा दुसरीकडून सोडवायचा नि तो डाळीकडं वळवायचा, एवढंच करायचंय आपल्याला.

सुरुवात रेशनपासून, कारण तिथं तुमचं हक्काचं धान्य दर महिन्याला वाया चाललंय. अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे अंत्योदय सोडून धान्य मिळणाऱ्या बाकीच्या कार्डांना, माणशी महिन्याला ५ किलो धान्य आहे, आणि जानेवारी २०२३ पासून ते फुकट मिळतंय, २०२४ पासून पुढं आणखी पाच वर्षं फुकटच ठेवणार असं सरकारनं ठरवलंय. तुमच्या तिघांचं १५ किलो होतं. त्यासाठी सासूबाईंनी जतला जायची काहीच गरज नाही, एक देश एक रेशनकार्ड आहे ना, चाकणच्या कुठल्याही रेशन दुकानात कार्डाचा नंबर नि आधार द्यायचं, मशीनवर अंगठा लावायचा, धान्य घ्यायचं. कार्डावरच्या सगळ्यांची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, मात्र झालेली पाहिजे, नसेल तर ती त्याच मशीनवर होते. दुकानदार म्हणाला की बाहेरच्या कार्डाचं देत नाही, तर वाद घालत बसू नका, १९६७ हा हेल्पलाईन नंबर आहे, तिथं तक्रार करा.

आणि पोरांची नावं अजून का नाही घातली हो? दोन नावं म्हणजे महिन्याला १० किलो. जन्मदाखला, आधार नि कार्डाची झेरॉक्स घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा लागतो, पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा हे काम करूनच या. तालुक्याचा इष्टांक, म्हणजे किती जणांना धान्य द्यायचं तो ठरलेला आकडा, भरला असेल तर नाव कार्डावर चढूनही धान्य लगेच सुरू होत नाही, थांबावं लागतं, हेही आधीच सांगते म्हणजे निराश व्हायला नको. पण अर्जाची पोच घेऊन ठेवा.

आता पुडे. रागावू नका, मीही आई आहे, दिवसभर राबून आल्यावर पोरगं रडायला लागलं की ५ रुपयांत ते गप्प होतं, हे मला कळतं. पण हिशोब करून बघा, दोन पोरांचे दिवसाला चार पुडे म्हणजे २० रुपये, महिन्याला ६००. शेंगदाणे १४० रुपये किलो धरले नि अंडं ७ रुपयाला, तर त्याच ६०० मध्ये दोन किलो शेंगदाणे येतात आणि वर ४५ अंडी. ४५ अंडी म्हणजे तुम्हाला नि दोन्ही पोरांना दिवसाआड एकेक, महिनाभर. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, पुड्यात मैदा, साखर, तेल. शेंगदाणे भाजून कूट करा, गूळ घालून लाडू वळा, डब्यात ठेवा, आल्या आल्या हातावर एक लाडू. किंवा शिळ्या चपातीचा चुरा करून कांदा घालून फोडणीची पोळी, त्यावर कूट. पहिले आठ दिवस पोरं कुरकुर करतील, मग विसरतात, खरंच विसरतात.

लेकीला अंगणवाडीत घालताय का? पत्रात लिहिलं नाही तुम्ही. ३ ते ६ वयाच्या मुलांना तिथं गरम ताजं जेवण मिळतं, पैसे लागत नाहीत. आणि मुलगा सरकारी नाहीतर अनुदानित शाळेत असेल तर पहिली ते आठवीपर्यंत दुपारचं जेवण शाळेतच असतं, त्याच्या वयाच्या मुलाला त्यात ४५० कॅलरी नि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. बरीच पोरं लाजून खिचडी खात नाहीत, डबा आणणाऱ्यांच्यात बसायला आवडतं त्यांना. बाईंशी बोला, त्याच्याशी पण बोला, पोटभर खाऊन येऊ दे.

डाळ आठवड्यातून दोनदा, हे मात्र बदलाच. रोज पाहिजे. पाच माणसांना रोज २०० ग्रॅम डाळ-कडधान्य धरलं तर महिन्याला ६ किलो लागेल, आणि ती सगळी तूरडाळ असायची काही गरज नाही. तुरीबरोबर मसूर मिसळा, आमटी तशीच लागते नि मसूर लवकर शिजते, गॅस वाचतो. मटकी भिजवून मोड आणले की दुप्पट-तिप्पट होते, एका वाटीत घरची उसळ होते. पिठलं तर वीस मिनिटांचं काम. आणि तुम्ही जतच्या, तुम्हाला मी हुलगे, म्हणजे कुळीथ, काय सांगायचे! हुलग्याचं माडगं, शेंगोळे, हे सासूबाईंना हातचं येत असेल, त्यांनाच करायला सांगा, त्यांनाही बरं वाटेल. हल्ली शहरात आलं की हे पदार्थ गरिबाचे म्हणून घरातून हद्दपार होतात नि त्या जागी चहा-बिस्किट येतं, मला याचं फार वाईट वाटतं. गावाकडून येताना ज्वारी नि हुलगे जमतील तेवढे आणत जा. सोयाबीनच्या वड्या पण घ्या, १०० ग्रॅम सुक्या वडीत ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळायच्या, बारीक चिरून कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात खिम्यासारख्या करा. रेशनचा गहू दळताना पाच किलोत अर्धा किलो सोयाबीन भाजून टाकलं तर चपातीतच पोषण जातं, कुणाला कळत पण नाही.

भाजी फ्लॉवर, सिमला असली घेऊ नका, त्यात पैसा जातो. मेथी, शेपू, तांदुळजा, अंबाडी, चाकवत, जी त्या दिवशी स्वस्त ती. आठवडी बाजारात दिवस मावळताना जा, बाजार उठायच्या वेळी पालेभाजीवाल्या बायका माल परत न्यायला नको म्हणून दोनाच्या भावात तीन जुड्या देतात. शेवग्याचं झाड जवळपास असेल तर पाला फुकट, त्याची भाजी किंवा डाळीतच टाका. मांसाहार चालत असेल तर चिकनच्या दुकानात नुसती कलेजी मागा, चिकनपेक्षा स्वस्त मिळते नि लोह भरपूर. सुकट, जवळा पण तसंच, मूठभर जवळा वांग्यात घातला की सगळ्यांचं जेवण होतं.

तेल किती लागतं ते लिहिलं नाही, पण माणशी महिन्याला अर्धा लिटर, म्हणजे तुमच्या घराला अडीच लिटर, यात भागतं. रोज पावशेरची पिशवी आणू नका, सुटं नेहमी महाग पडतं.

उधारी एकदम सुटणार नाही, माहितीये. पण उधारीवर भाव विचारता येत नाही ना आपल्याला, तो सांगेल तो भाव, आणि दुकान खालीच असल्यामुळं पोरांचे पुडे पण त्याच वहीत चढतात. पगार झाला की पहिल्यांदा डाळी, तेल, शेंगदाणे एवढं तीनच रोखीनं घ्या, दुसऱ्या दुकानातून, भाव विचारून. बाकी उधारीवर राहू दे. पुढच्या महिन्यात साखर-चहा-पोहे रोखीत आणा. तीन-चार महिने लागतील वही बंद व्हायला. आजूबाजूच्या चार बायका मिळून डाळ पोत्यानं आणली नि वाटून घेतली तर किलोमागं बरेच पैसे सुटतात.

आता तुमचं. ८.४ म्हणजे रक्त बरंच कमी आहे ताई, हे नुसत्या खाण्यानं भरून येणार नाही. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, त्या सांगितल्यात तेवढे महिने घ्याच, मळमळलं तर बंद करू नका, डॉक्टरला सांगा. गोळी चहाबरोबर कधीच नाही, जेवणानंतर लगेच चहा पण नाही, चहा लोह अंगाला लागू देत नाही. लिंबू पिळून पाण्याबरोबर घ्या, जेवणात पण लिंबू. आणि एक विचारते, तुम्ही जेवता कधी? सगळ्यांचं झाल्यावर, पातेल्यात उरलं असेल ते? माझी आई तशीच जेवायची, आमटी संपलेली असायची नि ती चटणीशी भाकरी खायची आणि आम्हाला कुणाला कधी दिसलंच नाही. वाढायला घ्याल तेव्हा पहिल्यांदा तुमची डाळीची वाटी नि तुमचं अंडं बाजूला झाकून ठेवा. मिस्टरांना हे उत्तर वाचायला द्या.

प्रश्न : आमच्या गावात रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे येतात. धुताना वर तरंगतात, रंग पण वेगळा. मंडळी ते सगळे निवडून टाकते. हे खावं का? – एक ज्येष्ठ वाचक, जिल्हा भंडारा

उत्तर : काका, ते प्लास्टिक नाही. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड नि बी-१२ मिसळून मशीनवर दाण्याच्या आकारात काढतात, मग शंभर किलो साध्या तांदळात एक किलो असे दाणे मिसळले जातात. मशीनवर केलेला दाणा म्हणून दिसायला वेगळा, हलका असतो म्हणून कधी तरंगतो. खात्री करायची तर ते दहा-वीस दाणे वेगळे काढून शिजवून बघा, भातासारखे मऊ होतील, प्लास्टिक शिजत नाही. काकूंना सांगा निवडून टाकू नका, त्या एका दाण्यासाठीच तर सगळा खटाटोप आहे. खसाखसा चार पाण्यानं पण धुऊ नका, एक-दोनदा हलकं धुवा नि पाणी बेतानं घालून शिजवा, पेज निघाली तर आमटीत टाका. फक्त घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तुमच्या भागात सिकलसेलचे पेशंट आहेत म्हणून मुद्दाम सांगते, तर त्यांच्यासाठी आधी डॉक्टरला विचारा.

प्रश्न : ताई मी पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, घरून ६ हजार येतात, मेस लावली की अर्धे तिथंच जातात म्हणून मी एकवेळच जेवतो, संध्याकाळी वडापाव-चहा. खोलीत शेगडी चालत नाही. – एक विद्यार्थी

उत्तर : एकवेळ जेवून अभ्यास होत नाही रे बाळा, डोकं दुखत असेल तुझं संध्याकाळी. घरी आईबापाला सांगताना तू दोनदा जेवतो असंच सांगत असशील.

शेगडी नको. फुटाणे नि शेंगदाणे अर्धा-अर्धा किलो आणून बरणीत ठेव, रोज दोन मुठी नि गुळाचा खडा. मटकी-मुगाला फडक्यात मोड आणायला काही शिजवावं लागत नाही, कांदा-टोमॅटो-लिंबू घालून वाटीभर मूग कच्चे खाता येतात, फक्त स्वच्छ धुऊन, आणि वास आला तर टाकून दे. सातूचं पीठ घरून मागव, पाण्यात नाहीतर ताकात कालवलं की झालं जेवण. केळी रोज दोन. वडापाव रोज खाण्यापेक्षा त्या पैशात दोन उकडलेली अंडी नि पाव खा, गाडीवर मिळतात. शिवभोजनचं केंद्र तुझ्या रस्त्यावर चालू असेल तर १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात मिळतो, ते गरजू माणसासाठीच काढलंय, तिथं जाऊन बसायला लाजू नको. आणि मेसवाल्या मावशींना एकदा विचारून बघ, वाढायला-आवरायला मदत केली तर एका वेळचा डबा सुटेल का, काही जणी असं करतात. पुढच्या महिन्यात मला परत लिही, वजन किती आहे ते पण लिही.