गाडी धुतल्यावर पुसायला काय चांगलं: मायक्रोफायबर, शॅमॉय, ब्लोअर की नुसतं ऊन?

मायक्रोफायबरचा टॉवेल. जाड, मोठा आणि त्याच कामाला वेगळा ठेवलेला. उत्तर खरं तर एवढंच आहे. पण प्रश्नाच्या शेवटी तुम्ही "की उन्हात आपोआप वाळू दिली तरी चालते?" असं सहज जोडलंय, आणि नेमक्या त्याच वाक्यावरून आमच्या घरात दसऱ्यापासून दोन पक्ष पडलेत. म्हणून जरा लांबड लावतो.

नाही चालत. अजिबात नाही.

माझं कोल्हापुरात उद्यमनगरला लेथचं वर्कशॉप आहे. रंगाचा धंदा नाही, पण मायक्रॉनशी, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाशी, रोजची गाठ. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा. डोक्याचा केस बहुतेक वेळा त्यापेक्षा जाड भरतो. तुम्ही ज्याला गाडीची चकाकी म्हणता ती सगळी या थरात आहे, आणि पॉलिश करणारा माणूस काही नवीन थर चढवत नाही, आहे तोच थोडा खरवडून सपाट करतो. म्हणजे हा साठा कमीच होत जाणार. तो कशावर खर्च करायचा ते आपण ठरवायचं.

आमच्या दाजींनी काळी गाडी घेतली. काळी घेऊ नका म्हणून मी आधीच सांगितलं होतं, पण तो विषय वेगळा. खंडेनवमीला वर्कशॉपमधली मशिनं पुसून, हळदकुंकू, झेंडूचे हार घालून पूजा उरकली आणि मी बहिणीकडे जेवायला गेलो. कळंब्याकडचं नवं अपार्टमेंट, वापरायला बोअरचं पाणी. दाजी भर दुपारी बारा वाजता उघड्यावर गाडी धूत होते. ऑक्टोबरचं ऊन, बॉनेटला हात लावला तर चटका बसत होता. त्यांनी पाणी मारलं, शांपू लावला, परत पाणी मारलं आणि पाईप गुंडाळायला घेतला. मी माझ्या गाडीतला टॉवेल काढून पुढं झालो.

"राहू दे हो पाव्हणं. वाळतीया की उन्हानं. फुकटचं मशीन हाय वर."

"दाजी, बोअरचं पाणी हाय. डाग धरंल."

"पाण्याचा कसला डाग? पाण्यानंच तर डाग जातोय!"

दाजी हायस्कूलला शिकवतात. त्यांचं वाक्य संपलं की तास संपला. आत पानं वाढली होती, मीही आत गेलो.

जेवून बाहेर आलो तर टपावर, बॉनेटवर, डिकीवर पांढऱ्या गोल कड्याच कड्या. इथवर काही बिघडलं नव्हतं. परत धुऊन लगेच पुसली असती तर बरेचसे डाग निघाले असते. पण दाजींनी खांद्यावरचा टर्किश टॉवेल घेतला आणि त्या वाळलेल्या डागांवर गोल गोल घासायला सुरुवात केली. कोरड्यावर! वर रस्त्यावरून ट्रॅक्टर गेला की उडणारी धूळ आहेच. मग हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं, विषय संपला. दिवाळीच्या आसपास पेट्रोल पंपावर रात्रीच्या पांढऱ्या दिव्याखाली गाडी उभी केली तेव्हा बॉनेटभर बारीक गोल ओरखडे चमकले. दाजींचा निष्कर्ष: "कंपनीनं रंगच हलका मारलाय." शोरूमला जाऊन भांडून आले. तिथल्या माणसानं हे वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगितलं आणि पैसे भरून पॉलिश करून घ्या म्हणाला. दाजींच्या मते, कंपनीला आतून सगळं ठाऊक असल्याचा हाच पुरावा.

मला राहवलं नाही. पुढं ते आमच्याकडे जेवायला येणार होते तेव्हा भाच्याला त्यांच्याच अपार्टमेंटच्या बोअरचं पाणी बाटलीत भरून आणायला लावलं. काचेचा एक तुकडा घेतला. एका टोकाला बोअरच्या पाण्याचा थेंब, दुसऱ्या टोकाला बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरचा थेंब, आणि काच गच्चीवर उन्हात ठेवली. वाळल्यावर बोअरच्या जागी पांढरी कडी, डिस्टिल्डच्या जागी काही नाही. दाजींनी चष्मा कपाळावर सरकवला, काच डोळ्याजवळ नेली, उलटसुलट केली आणि म्हणाले, "काच वेगळी, रंग वेगळा."

आई आतून म्हणाली, "असू दे की रं. जावई माणूस हाईत."

आमच्याकडे जावयापुढं रसायनशास्त्र चालत नाही. तुमच्याकडे चालत असेल तर तुमच्या नळाच्या पाण्यावर ही काचेची परीक्षा जरूर करून बघा. पाणी उडून जातं, त्यातला कॅल्शियम-मॅग्नेशियमचा क्षार मागं राहतो. गीझरच्या कॉइलवर चढतो तोच हा. थेंब वाळताना क्षार कडेला गोळा होतो, म्हणून डाग गोल दिसतो. तापलेल्या पत्र्यावर तो घट्ट बसतो आणि बरेच दिवस तसाच राहिला तर क्लिअर कोटमध्ये खोल ठसा उमटतो, मग नुसत्या धुण्यानं जात नाही. आपल्याकडं खाली काळा खडक, त्याच्या भेगांतून आलेलं बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जडच असतं. नळाला येणारं नदीचं पाणी त्यामानानं बरं, पण उन्हात त्याचाही डाग पडतो.

आता तुमचा मूळ प्रश्न. फडक्याच्या आधी पाण्यानंच पाणी काढा, हे सहसा कुणी सांगत नाही. शेवटचं पाणी मारताना पाईपची गन काढून टाका आणि टपावर हळू धार सोडा. फवाऱ्यानं हजार थेंब उरतात, सलग धारेबरोबर पाणी चादरीसारखं खाली ओघळतं. गाडीला वॅक्स असेल तर निम्म्याहून जास्त काम इथंच होतं. मग मोठा टॉवेल बॉनेटवर पसरा, दोन कोपरे धरून अलगद आपल्याकडं ओढा. दाबायचं नाही, घासायचं नाही, गोल तर मुळीच फिरवायचा नाही. आधी टप, मग काचा, बॉनेट, डिकी, दरवाजे. खालची पट्टी आणि चाकं सगळ्यात शेवटी, आणि तेही वेगळ्या फडक्यानं. टॉवेल ५०० जीएसएमच्या (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) वरचा, शक्यतो पीळ दिलेल्या लूपचा घ्या. कडेचं लेबल कापून टाका. जमिनीवर पडला की तो टॉवेल त्या दिवसापुरता चाकांचा झाला, झटकून परत वापरायचा नाही. ग्राइंडिंग होऊन आलेला शाफ्ट माझ्याकडं कुणी वापरलेल्या कॉटन वेस्टनं पुसला तर मी ओरडतो, कारण त्यात लोखंडाचा चुरा अडकलेला असतो. इथंही तेच.

धुताना हा टॉवेल घरच्या सुती कपड्यांत टाकू नका, त्यांचे तंतू चिकटतात. कपडे मऊ करायचं लिक्विड तर नकोच, त्यानं टॉवेल पाणी शोषायचं सोडतो.

शॅमॉय, म्हणजे गाडी पुसायचं चामड्यासारखं कापड, त्याबद्दल लोक भावनिक आहेत. डबीत मिळतं ते बहुतेक कृत्रिम असतं, वाळलं की पापडासारखं कडक होतं, ओलं करूनच वापरावं लागतं. पाणी झकास ओढतं, पण पृष्ठभाग सपाट असल्यानं धुळीचा कण आत शिरायला जागा नाही, तो रंग आणि कापड यांच्यामध्येच फिरत राहतो. वॉशिंग सेंटरवर एकच शॅमॉय सकाळपासून प्रत्येक गाडीवर फिरतं ते बघा एकदा. नवी गाडी असेल तर "धुवा, पुसू नका" म्हणून सांगा आणि आपला टॉवेल आपण काढा. पोरं हसतात, हसू देत.

ब्लोअर उत्तम, कारण त्यात स्पर्शच नाही. पण नुसत्या ब्लोअरनं अख्खी गाडी वाळवायला वेळ फार जातो. आरशांच्या फटी, दरवाज्यांची हँडलं, नंबरप्लेट, पेट्रोलचं झाकण, चाकांचे नट यासाठीच वापरा. तिथलं पाणी मागाहून ओघळून पुसलेल्या दारावर डाग पाडतं. कंप्रेसरची हवा मारणार असाल तर आधी टाकीतलं पाणी काढा, नाहीतर त्यातलं तेलपाणीच गाडीवर बसतं. दरवाजे आणि डिकी उघडून आतल्या कडा पुसा, हे बरेच जण विसरतात.

डाग पडलेच असतील तर पांढरं व्हिनेगर आणि तितकंच पाणी, सावलीत, पत्रा गार असताना मिनिटभर लावून भरपूर पाण्यानं धुवा. त्यानंही गेले नाहीत तर ते पॉलिशचं काम आहे. दाजींना हेही सांगितलं होतं. ते म्हणाले, व्हिनेगर चायनीजच्या गाड्यावर घालतात.

दोन गोष्टी राहिल्या. गळीत हंगामात उसाच्या चिपाडाची काळी राख गाडीवर बसते, ती कोरड्या फडक्यानं कधीच झटकू नका, आधी पाणीच मारा. आणि पावसाळ्यात धुऊन लगेच गाडी लावणार असाल तर एक छोटी चक्कर मारून चार वेळा ब्रेक दाबा. मागं ड्रम ब्रेक असतील तर ओल्यावर हँडब्रेक ओढून ठेवू नका, चिकटतो. सपाट जागा असेल तर गिअरमध्ये लावा. ओल्या गाडीवर कव्हर घालायचं नाही, हे सांगायला नको.

मॅट रंगाच्या गाडीला वॅक्स आणि पॉलिशचं यातलं काही लागू नाही. गाडी पांढरी किंवा चंदेरी असेल तर एवढा ताप घेतला नाही तरी चालेल, ओरखडे पडतात पण फारसे दिसत नाहीत. शॅमॉय घरात आधीच असेल तर टाकू नका, काचांना झकास आहे.