पाठीराखा कोण: मैदानातला की कट्ट्यावरचा?

लिव्हरपूल या इंग्लंडातल्या फुटबॉल क्लबावरून सोलापूरच्या एका वाचकाची विचारणा आहे: "आम्ही तिघं मित्र, तिघंही लिव्हरपूलवाले. कॅराघर भारी की हुपिया, आणि क्लॉप गेल्यावर आलेला नवा मॅनेजर कसा, यावर पार्क चौकात चहा पिताना वाद पेटला. मी म्हणालो, 'आपण पाठीराखे आहोत, आपल्याला बोलायचा हक्क आहे.' तर एक मित्र म्हणतो, 'पाठीराखे आपण कसले बे? पाठ राखतात ते डिफेंडर!' दुसऱ्यानं पेपरात 'लिव्हरपूलचे नवे व्यवस्थापक' असं वाचलं होतं, तो त्यावरच हसत सुटला. बरोबर कोण? आणि या जुन्या डिफेंडरांना मराठीत धड शब्द आहे का?"

शब्दाची फोड मित्रानं बरोबर केली आहे. वाद मात्र तुम्ही जिंकलात.

पाठीराखा म्हणजे पाठीशी राहून राखणारा. यातलं 'राखणे' हे संस्कृत 'रक्ष्'चंच प्राकृतातून झिजत आलेलं रूप. गोलरक्षकातला रक्षक आणि पाठीराख्यातला राखा हे एकाच घरातले, एक शिकून आलेला आणि एक शेतावर राहिलेला. ज्वारी हुरड्याला आली की पाखरं हाकायला बसतो तो राखणदार, तोही त्याच घरातला. तेव्हा नुसत्या फोडीवर जायचं तर मित्राचं म्हणणं खोडता येत नाही. गोलरक्षकाच्या पुढं आणि आपल्या बाकी गड्यांच्या मागं उभा राहणारा, त्यांची पाठ राखणारा, तो पाठीराखा.

पण मराठीनं हा शब्द लढणाऱ्याला कधी दिला नाही. लढणाऱ्याच्या मागं जो आहे, त्याला दिला. द्रौपदीचा पाठीराखा कृष्ण, तो वस्त्रं पुरवतो, सभेत उतरून दोन हात करत नाही. बहिणीचा पाठीराखा भाऊ. संसार तिचा तिनंच करायचा असतो, पण मागं कुणीतरी आहे एवढं सासरी ठाऊक असलं तरी पुष्कळ होतं. आणि याच कुळातला एक गोड शब्द आता ऐकू येत नाही: पाठराखीण. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाताना तिच्या सोबत माहेरची जी बाई किंवा करवली जायची, ती पाठराखीण. काम काय, तर सोबत असणं. (नवा मॅनेजर येताना आपले दोन-तीन सहायक घेऊन येतो, ते मला नेहमी पाठराखणींसारखे वाटतात.) रात्री दीडला उठून, घरच्यांची झोप मोडू नये म्हणून टीव्हीचा आवाज बंद ठेवून सामना बघणारे तुम्ही तिघं याच अर्थानं पाठीराखे आहात. लिव्हरपूलला त्याचा पत्ता नाही, ही गोष्ट वेगळी.

'पाठराखण' या नामाचं मात्र अलीकडं वाटोळं झालंय. पेपरात 'अमक्याची पाठराखण केली' असं आलं की समजावं, अमक्यानं काहीतरी केलेलं आहे. तुमच्या वादात याच अर्थाची पाठराखण भरपूर झाली असणार. हुपिया पळायला संथ होता हे त्याचे चाहतेही जाणतात, आणि तरी 'त्याला पळायची गरजच पडायची नाही' असं म्हणतात. खरं तर दोघांत निवड कशाला करायची? कॅराघर सुरुवातीला बहुतेक कडेनं खेळायचा. २००४ मध्ये बेनिटेझ मॅनेजर होऊन आला आणि त्यानं त्याला मधे, हुपियाशेजारी आणलं. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात, ३-० नं मागं पडून ३-३ केल्यावर जादा वेळेत, पायात गोळे आलेले असताना कॅराघर पुन्हा पुन्हा पाय घालून चेंडू अडवत राहिला. एकाच क्लबासाठी ७३७ सामने खेळलेला हा माणूस.

आता डिफेंडर. रुळलेला शब्द 'बचावपटू'. मला तो फारसा आवडत नाही. 'बचावणे' म्हटलं की मराठी कानाला ट्रकखाली येता येता थोडक्यात वाचलेला माणूस आठवतो, नाहीतर कोर्टातला बचाव पक्ष. आणि 'पटू' म्हणजे निपुण. ज्याच्या चुकीनं गोल झाला त्यालाही दुसऱ्या दिवशी पेपर बचावपटूच म्हणतो! आपल्या मातीतल्या खेळांनी हे काम जास्त नेटकं केलंय. कबड्डीत नुसता बचाव करणारा असा कुणी नसतो. डावा कोपरारक्षक असतो, उजवा कोपरारक्षक असतो, मध्यरक्षक असतो. नाव ऐकलं की तो कुठं उभा आहे ते दिसतं. फुटबॉलच्या वर्णनात याच चालीवर 'मध्यरक्षक' म्हणायला हरकत नसावी. पण तो तुमच्या कट्ट्यावर चालेल असं वाटत नाही. तिथं 'डिफेंडर' म्हणा, लिहिताना 'बचावपटू'. अनेकवचनी मात्र 'बचाव फळी' जरूर वापरा. फळी हा लढाईतल्या रांगेचा शब्द, आणि फुटबॉलमध्ये ती फुटतेही.

राहिला मॅनेजर. 'व्यवस्थापक' वाचून तुमचा मित्र हसला, त्याला कारण आहे. आपल्या कानावर हा शब्द क्रिकेटमधून बसलाय. १९८३ चा विश्वचषक जिंकला तेव्हा भारतीय संघाबरोबर प्रशिक्षक नव्हताच. व्यवस्थापक होते, पी. आर. मानसिंग. प्रवास, हॉटेल, सरावाची सोय बघणारा तो व्यवस्थापक. इंग्लंडातल्या क्लबाचा मॅनेजर हा निराळाच प्राणी. संघ तो निवडतो, डावपेच तो आखतो, आणि पूर्वापार कुणाला विकत घ्यायचं, कुणाला काढायचं यातही त्याचा शब्द चालायचा. आपल्या तालमीत त्याला वस्ताद म्हणतात. मेहनत तोच करून घेतो आणि कुणाची कुस्ती कुणाशी लावायची तेही तोच ठरवतो.

गंमत अशी की तिकडंही हा भेद आता कागदावर आलाय. क्लॉप मॅनेजर होता. २०२४ मध्ये त्याच्या जागी आलेल्या आर्ने स्लॉटचं पद मुख्य प्रशिक्षकाचं. आर्सेनल या तिथल्याच दुसऱ्या क्लबानं उलटं केलं: डिसेंबर २०१९ मध्ये आर्टेटाला मुख्य प्रशिक्षक म्हणून आणलं आणि २०२० मध्ये मॅनेजर केलं. म्हणून स्लॉटपुरतं बोलायचं तर पेपरानं 'प्रशिक्षक' लिहायला हवं होतं. क्लॉपला 'मॅनेजर'च ठेवावं, भाषांतराच्या भानगडीत पडू नये.

पण मॅनेजर शब्दालाही आपल्याकडं एक खोड लागलीय. मागं एकदा मी अशाच एका वादात शेजारी चहा पीत होतो. पोरं म्हणत होती, नव्या माणसाला मोठ्या मॅचेस नीट मॅनेज करता येत नाहीत. बाकावर एक म्हातारे पैलवान बसले होते, कान अजून मोडलेलेच. त्यांनी बशी खाली ठेवली. "काय बे, मॅच मॅनेज करायला पगारी माणूस ठेवतात? आमच्या वक्ताला कुस्ती मॅनेज झाली कळलं तर लोकं दगडं मारायची की!"

एक शेवटचं, विचारलं नाहीत तरी. तुम्ही 'जुने डिफेंडर' लिहिलंय. जुना माणूस अजून कामावर असू शकतो. लिव्हरपूलचा डिफेंडर व्हॅन डाइक २०१८ मध्ये आला, तो आता तिथला जुनाच म्हणायचा. कॅराघर आणि हुपिया हे माजी.