संपादनाचे फीड आणि वाचकांचे फीड वेगळे ठेवावे का?

स्वतः लिहिलेल्या ब्लॉग-प्रणालीत संपादनाचे ॲप आणि वाचकांचे फीड रीडर (फीड वाचून नवे लेख दाखवणारे ॲप) या दोघांना एकच ॲटम फीड, म्हणजे लेखांच्या नोंदींची संगणकाला वाचता येणारी यादी, द्यावे की दोन, असे आपण विचारले आहे. माझे मत दोनच्या बाजूने आहे, जरी ऑक्टोबर २००७ मधील ॲटम पब्लिशिंग प्रोटोकॉल (ॲपमधून नोंदी तयार करण्याचे व बदलण्याचे नियम), म्हणजे आरएफसी ५०२३ हे इंटरनेट-मानक, एकाच फीडकडून दोन्ही कामे करून घेण्याची मुभा देत असला तरी.

अडचण क्रमापासूनच सुरू होते. संपादनाच्या फीडमध्ये सर्वांत अलीकडे बदललेली नोंद आधी यावी, अशी त्या प्रोटोकॉलची शिफारस आहे, आणि काल हात लावलेला लेख आज वर हवा असलेल्या संपादकाला ती सोयीचीच आहे. पण तोच क्रम वाचकांपर्यंत गेला, तर जुन्या लेखातील एक वेलांटी दुरुस्त करताच तो लेख सर्वांत वर येतो आणि फीडमध्ये मोजक्याच नोंदी जात असतील तर एखादा नवा लेख बाहेर ढकलला जातो. नोंदीत वेळाही दोन असतात: 'एडिटेड' ही वेळ प्रत्येक बदलाबरोबर सरकते, तर 'अपडेटेड' ही वेळ बदल महत्त्वाचा वाटला तरच सरकवण्याची मोकळीक आरएफसी ४२८७ ने, म्हणजे ॲटम फीडच्या स्वरूपाच्या मानकाने, प्रकाशकाला दिली आहे.

मसुद्यांचा प्रश्न याहून गंभीर आहे. 'ड्राफ्ट' ही खूण म्हणजे ॲपने सर्व्हरला केलेली केवळ विनंती असते. नोंद लपवण्याचे काम आपल्याच कोडला करावे लागते. लॉगिन पाहून एकाच पत्त्यावरून दोन प्रकारची उत्तरे देता येतात, परंतु लॉगिन कुकीवर (ब्राउझरने जपलेल्या ओळखखुणेवर) चालत असेल आणि मधल्या कॅशेला, म्हणजे उत्तरांच्या प्रती साठवून पुन्हा देणाऱ्या यंत्रणेला, हा भेद सांगायचा राहिला, तर संपादकासाठी तयार झालेली प्रत मसुद्यांसकट अनोळखी वाचकाला मिळू शकते, आणि फीड रीडरने एकदा साठवलेला मजकूर आपल्याला परत घेता येत नाही. वर्डप्रेसमध्येही सार्वजनिक फीडचा पत्ता निराळा असून रेस्ट एपीआयमधून (इतर ॲप्सना मजकूर देणाऱ्या जोडणीतून) मसुदे मिळवण्यासाठी लॉगिन आणि अधिकार लागतात.

तेव्हा डेटाबेस एकच ठेवून पत्ते दोन करावेत. संपादनाच्या पत्त्यावर 'नो-स्टोअर' (प्रत साठवू नये ही सूचना) लावावे, सार्वजनिक पत्त्यावर ईटॅग (मजकूर बदलला का ते ओळखण्याची खूण) देऊन कॅशेचा पुरेपूर लाभ घ्यावा, आणि नोंदीचा आयडी मात्र दोन्हीकडे तोच राहू द्यावा. संपादनाच्या ॲपने फीडमधील नोंद पूर्ण आहे असे गृहीत न धरता, बदल करण्यापूर्वी नोंदीतच दिलेल्या 'एडिट' दुव्यावरून मूळ नोंद मागवावी.