नव्या सहायक प्राध्यापकांसाठी: सहलेखक निवडताना
सहलेखकांची संख्या वाढवण्याच्या मागे लागू नका. ली आणि बोझमन यांनी अमेरिकी विद्यापीठांतल्या ४४३ शास्त्रज्ञांचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध केला. सहकारी जास्त तर पेपर जास्त, हे त्यात दिसलंच. पण प्रत्येक पेपरचं श्रेय लेखकांत वाटून मोजलं, तेव्हा तो फायदा टिकला नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

म्हणून तुम्हाला न येणारी पद्धत ज्याला येते असा एखादा माणूस दुसऱ्या विभागात शोधा. संख्याशास्त्रातला मिळाला तर सोन्याहून पिवळं. लेखकांचा क्रम आणि डेटा कोणाकडे राहणार, हे सुरुवातीलाच ईमेलवर ठरवा. संकोच वाटेल, तरी विचाराच. आणि नावापुरता सहलेखक कोणालाही करू नका, अगदी विभागप्रमुखांनाही.